अप्रत्यक्ष मारा : डोंगराआडून नेम धरण्याचे नियम

लक्ष्य दृष्टीस पडत नसताना मधल्या टेकडीवरून अस्त्र पलीकडे टाकणे म्हणजे अप्रत्यक्ष मारा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर ज्या बेळगावात आहे, तेथे ही कल्पना नवी नाही. पायदळाची ८१ मिलिमीटर उखळी तोफ याच तत्त्वावर चालते. 'बॅटलटेक' या पटावरील यंत्रमानव-युद्धाच्या खेळात हेच तत्त्व फाशांच्या हिशोबात बसवले आहे.

खेळाचे स्वरूप

अमेरिकेतील फासा कॉर्पोरेशनने १९८४ मध्ये हा खेळ 'बॅटलड्रॉइड्स' या नावाने आणला. पुढे त्याचे नाव बदलले. पटावर षट्कोनी घरे असतात आणि एक घर ३० मीटरचे मानतात. दोन फाशांची बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी वा अधिक आली, तर नेम लागतो.

नियम

लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांनी असा मारा करता येतो. मात्र स्वपक्षाच्या एका तरी यंत्राला लक्ष्य थेट दिसले पाहिजे. हा टेहळ्या होय.

- अंतर मारा करणाऱ्यापासून मोजतात : ७ घरांपर्यंत शून्य, ८ ते १४ साठी २, १५ ते २१ साठी ४ गुणांची भर.
- ६ घरे वा त्याहून जवळच्या लक्ष्यावर नेम उत्तरोत्तर अवघड होतो.
- अप्रत्यक्ष माऱ्यासाठी १ गुण वाढतो.
- टेहळ्या चालला तर १, धावला तर २, उडी घेतली तर ३ गुण वाढतात. त्याने त्याच फेरीत स्वतःही मारा केला, तर आणखी १.
- झाडीचा अडथळा टेहळ्याच्या दृष्टिरेषेवरून मोजतात.

उदाहरण

मारा करणारे यंत्र राजहंसगडाच्या टेकडीआड स्थिर उभे आहे, टेहळ्या माथ्यावर आहे आणि लक्ष्य पलीकडच्या उघड्या शिवारात १२ घरांवर आहे, असे समजू. चालकाचे नेमकौशल्य ४, अंतराचे २, अप्रत्यक्ष माऱ्याचा १ आणि लक्ष्य तीन घरे सरकल्याचा १ मिळून ८ होतात. टेहळ्या स्थिर असेल, तर ३६ पैकी १५ वेळा नेम लागेल. तो चालत आला असेल, तर आकडा ९ आणि संधी १० वेळा. चालून त्याने स्वतःही मारा केला, तर आकडा १० आणि संधी केवळ ६ वेळा.

नेम लागला तरी सर्व क्षेपणास्त्रे लागत नाहीत. किती लागली, हे फासे पुन्हा टाकून तक्त्यावरून ठरते. वीस नळ्यांच्या संचाला ७ पडले, तर १२ लागतात.

प्रत्यक्षाशी तुलना

खेळातील २१ घरे म्हणजे अवघे ६३० मीटर. खऱ्या उखळी तोफेचा पल्ला सुमारे पाच किलोमीटर. तेथे निरीक्षक गोळा कोठे पडला ते पाहून पुढचा नेम सुधारतो. क्षेपणास्त्रांच्या या नियमांत तशी सोय नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे समान आहे. मारा करणारा आडोशाला सुरक्षित राहतो. शत्रू ज्याला दिसतो, तो टेहळ्या बहुधा शत्रूलाही दिसत असतो. म्हणून टेहळ्याने स्थिर राहून नेम अचूक करावा की हालचाल करून स्वतःला वाचवावे, हा निर्णय फासे टाकण्यापूर्वीच घ्यावा लागतो.