रोजच्या वापरातली फियाट

तुमच्या गावात एखादी जुनी फियाट आहे का, जरा आठवून पाहा. एखाद्या जुन्या डॉक्टरांच्या वाड्यामागे, कडब्याच्या गंजीशेजारी, टपावर कोंबड्या बसलेली. नाहीतर तालुक्याच्या गावी गॅरेजच्या दारात, चाके काढून विटांवर चढवलेली. अशी गाडी दिसली की आपण हटकून म्हणतो, "काय दणकट गाड्या होत्या त्या काळच्या!" आज मला या वाक्याविषयीच तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. माझ्याकडे १९८६ सालची पद्मिनी आहे, आणि रोज कामावर जातो तो तिच्यातूनच. तेव्हा तिच्या दणकटपणाविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे समजा.

खरे सांगायचे तर ती फारशी दणकट नव्हती. पत्र्याला गंज धरे, उन्हाळ्यात इंजिन तापे, पावसाळ्यात ते सुरू व्हायला नखरे करी. तरीही ती पन्नास वर्षे रोज रस्त्यावर होती. हे कसे झाले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

मूळ गाडी इटलीची. तुरीन शहरातील फियाट कंपनीने १९५३ साली ती बाजारात आणली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, म्हणून नाव ११००. इटालियन लोक तिला 'मिलेचेंतो' म्हणजे नुसते 'अकराशे' म्हणत. मध्यमवर्गी कुटुंबाची, आटोपशीर, पेट्रोल बेताने पिणारी गाडी. आपल्याकडे ती आणली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. हा कारखाना १९४४ साली काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. जहाजे, विमाने आणि साखर यांत ज्यांचे नाव झाले तेच हे वालचंद. कुर्ल्याला आधी डॉज आणि प्लिमथ या ऐसपैस अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. त्या गाड्या संस्थानिकांना आणि शेठजींना ठीक. सामान्य माणसाने त्यांच्याकडे नुसते बघावे. छोटी फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली १९५४ साली. वालचंद त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते.

पहिल्या बांधणीची ती गाडी तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढून गोल, फुगीर, नाकाडासारखी, आणि पुढची दारे उलटी उघडणारी. मुंबईकरांनी तिचे नाव ठेवले 'डुक्कर फियाट'. नाव ठेवणाऱ्याला तिचा राग होता असे मात्र नव्हे. आपण घरच्या माणसाला जशी नावे ठेवतो, तसलाच तो प्रकार.

आता मुख्य मुद्दा. १९५३ साली सरकारने धोरण ठरवले की, मोटारीचे भाग हळूहळू इथेच बनवायची ज्यांची तयारी असेल, त्यांनीच या धंद्यात राहावे. नुसती सुट्या भागांची जुळणी करणारे फोर्ड आणि जनरल मोटर्स हे बडे परदेशी कारखानदार तेव्हा इथून गेले. मोटारीच्या बाजारात उरले मोजके तिघे: कलकत्त्याकडची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली कुर्ल्याची प्रीमियर. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर, आणि पुढे काही काळ किंमतही सरकारच ठरवी. किमतीचा तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९७१ साली त्यावर निकाल झाला. ग्राहकाच्या वाट्याला काय आले? नाव नोंदवायचे आणि कित्येक वर्षे थांबायचे. मुलगा शाळेत असताना नाव नोंदवले, आणि गाडी आली तेव्हा तो नोकरीला लागला होता, असे सांगणारी माणसे मला भेटली आहेत.

आणि गाडी परवडे तरी कोणाला? लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या कुटुंबाने १९६४ साली फियाट घ्यायचे ठरवले. किंमत १२,००० रुपये. घरात शिल्लक होती ७,००० ची. उरलेले ५,००० त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाने घेतले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचा अंत झाला तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललिताबाईंनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीच्या शास्त्री स्मारकात ठेवलेली आहे. शिक्षक मंडळी ही गोष्ट मुलांना साधेपणाचा धडा म्हणून सांगतात, ते योग्यच आहे. पण त्याच गोष्टीत आणखी एक हिशेब दडलेला आहे, तोही फळ्यावर मांडून दाखवावा: देशाच्या पंतप्रधानालाही छोटी मोटार कर्जाशिवाय घेता येत नव्हती.

तर एवढ्या कष्टाने मिळालेली गाडी माणूस टाकून कसा देणार? ती चालवायचीच, आणि बिघडली तर दुरुस्त करायची. इथे त्या बंद बाजाराचा एक विचित्र फायदा झाला. गाडी जवळजवळ बदललीच नाही. १९६४ साली 'डिलाइट' आली, १९७२ साली तिचेच नाव 'प्रेसिडेंट' झाले, १९७४ साली 'पद्मिनी'. बारीकसारीक फरक होत गेले, पण हाड तेच. इटलीत ही ११०० जातीची गाडी १९६९ साली बंद झाली. आपण ती या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनवत राहिलो. आणि नाव काहीही बदलो, लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. परिणाम असा झाला की कोल्हापूरच्या मिस्त्रीला जे येई तेच अकोल्याच्या मिस्त्रीलाही येई. वडिलांनी मुलाला शिकवलेली विद्या तीस वर्षांनीही शिळी होत नसे. सुटा भाग तालुक्याला मिळे. न मिळालाच तर लेथवर करून घेता येई.

तिच्यातले सगळे डोळ्यांना दिसणारे, हाताला लागणारे. गाडी अडखळू लागली की मिस्त्री वाटी उघडून 'पॉइंट' काढतो. म्हणजे धातूच्या दोन टिकल्या. त्या उघडमीट करतात आणि त्या तालावर इंजिनात ठिणगी पडते. त्या काजळल्या की काचकागदाने घासायच्या आणि दोहोंमध्ये नेमके अंतर ठेवायचे. माप नसले तर काडेपेटीच्या खोक्याचा तुकडा मध्ये घालून अंतर ठरवणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. घाटात तर एक खेळच असे. उन्हाने आणि इंजिनाच्या आचेने पेट्रोलच्या पंपात वाफ धरते, पंपाला पेट्रोल ओढता येत नाही, गाडी जागीच थांबते. मग ओले फडके पंपावर ठेवायचे आणि दहा मिनिटे दरीकडे बघत बसायचे. पंप निवला, गाडी निघाली. माझ्या लहानपणी खंडाळ्याच्या घाटाची जेवढी शोभा मी पाहिली, तेवढी त्या फडक्याच्या कृपेनेच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. ज्या दाराने लोकांना वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले, त्याच बंद दारामुळे गावोगावचे मिस्त्री एका गाडीत पारंगत झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या काळाचे गोडवे गाणारे पहिली विसरतात, आणि त्या काळाला नावे ठेवणारे दुसरी.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि चित्र पालटले. ती हलकी, चपळ, कमी खाणारी. घरगुती गिऱ्हाईक झपाट्याने तिकडे वळले. फियाट टिकली ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत. कारण तेच: दिवसभर चालवा, बिघडली तर नाक्यावर दुरुस्त करा, संध्याकाळी पुन्हा धंद्याला लावा. पुढे धूर कमी व्हावा म्हणून टॅक्सीवाले सीएनजी वायूकडे वळले. त्या वायूची टाकी डिकीत बसली आणि प्रवाशाच्या ट्रंका टपावरच्या कॅरिअरवर चढल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा; म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, फोटो काढले. त्यातले किती जण रोज नव्या गार हवेच्या टॅक्सीतून फिरत होते, हे मात्र विचारू नये.

मी ही गाडी आज रोज चालवतो, म्हणून तुम्ही मला विचाराल, "परवडते का हो?" पैशाने म्हणाल तर नाही. पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले, पुढे आणखी वाढले. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' असा वेगळा वर्ग केला. तशी नोंद केली की गाडीला मान मिळतो, पण ती रोजच्या कामाला काढता येत नाही. म्हणजे देव्हाऱ्यात बसवल्यासारखेच. सुरक्षिततेचेही सांगितले पाहिजे. अपघातात फुगून छाती वाचवणाऱ्या हवेच्या पिशव्या तिच्यात नाहीत, मागे पट्टे नाहीत, दिव्यांचा उजेड बेताचा. शहरात मी तिला काढतो; पण मुलीला घेऊन रात्री हमरस्त्यावर नेत नाही. गाडीवर प्रेम असावे, पण एवढे नाही.

सर्वांत नवी अडचण तुमच्या शेतातून आली आहे, असे म्हटले तर रागावू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले काही उसाचे. उसाला गिऱ्हाईक मिळाले, हे चांगलेच झाले. परंतु १९८६ सालच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी केलेल्या नव्हत्या. त्या हळूहळू खराब होतात. तुमच्या वाड्यात अशी गाडी असेल आणि पुन्हा सुरू करायचा विचार असेल, तर आधी पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलून घ्या, मगच चावी फिरवा. गळके पेट्रोल आणि तापलेले इंजिन यांची गाठ पडू देऊ नये.

आमचे मिस्त्री सत्तरीचे आहेत. त्यांचा मुलगा नव्या गाड्यांच्या वर्कशॉपात संगणकावर बिघाड शोधतो, आणि त्याला पॉइंट काय ते ठाऊक नाही. ठाऊक असण्याचे कारणही नाही. गेल्या वर्षी मिस्त्री मला म्हणाले, "सर, माझ्यामागे ही कुणाकडे नेणार?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून रविवारी सकाळी मी त्यांच्या गॅरेजात जाऊन बसतो. मागच्या महिन्यात पॉइंट मी स्वतः घासून बसवले. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. मिस्त्रींनी कान देऊन क्षणभर ऐकले, म्हणाले, "अंतर जरा जास्त ठेवलंत, सर," आणि वाटी पुन्हा उघडून बसले.