असील आणि अस्सल

गेल्या हिवाळ्यात एक माणूस खालाच्या अंगणात कोंबडा विकायला आला. उंच पाय, लांब मान, अंगावर घट्ट बसलेली पिसं, नजर तिरकी. किंमत ऐकून खालाने कपाळाला हात लावला. तो म्हणाला, "असील आहे, एकदम प्युअर. घाणेरडं रक्त नाही यात." खाला माझ्याकडे वळली. "तू पोरांना उर्दू शिकवतोस ना? मग सांग, असील म्हणजे काय?"

मी द्रोणागिरीत चौथ्या मजल्यावर राहतो. कोंबडी पाळायची तर गॅलरीत कपडे वाळवायचे कुठे, हा आमचा प्रश्न. खालाचं घर मात्र उरण तालुक्यातल्या जुन्या गावठाणात आहे. मागे दोन गुंठ्यांचं अंगण, एक खुराडं, पंधरा-वीस कोंबड्या. सुट्टीच्या दिवशी मी तिथेच सापडतो.

असील हा मूळचा अरबी शब्द. 'अस्ल' म्हणजे मूळ, मुळी. त्यावरूनच असली, असलियत आणि आपल्या मराठीतला 'अस्सल'. असील म्हणजे चांगल्या मुळाचा, खानदानी. हे सांगितल्यावर खालाने विचारलं, "म्हणजे बाकीच्या कोंबड्यांना मूळ नसतं?" उत्तर देता येईना. घरी येऊन वाचायला बसलो, आणि हाती आलं ते बरंच उलटं निघालं.

असीलची कीर्ती झाली ती झुंजींमुळे. नवाब आसफुद्दौलाच्या लखनौत कोंबड्यांच्या झुंजीला नवाब, इंग्रज अधिकारी आणि बघे एकाच शामियान्यात जमत. कर्नल मॉर्डंटच्या अशाच एका झुंजीचं चित्र योहान झोफानीने १७८० च्या दशकात रंगवलं. लखनौवर लिहिताना अब्दुल हलीम शरर यांनीही मुर्गबाजीची तपशीलवार हकीकत दिली आहे. खरं तर जनावरांना एकमेकांवर सोडायला हदीसमध्ये मनाई आहे. नवाबी शौकाने तिकडे काणाडोळा केला. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणं गुन्हा ठरलं. झुंज गेली, खानदानाचा रुबाब तेवढा उरला.

पण हा खानदानी पक्षी स्वतःच्या खानदानात राहिला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात असील, मलाया आणि तिथल्या झुंजी कोंबड्यांचा संकर करून 'इंडियन गेम' नावाची जात तयार झाली. पुढे तिलाच कॉर्निश म्हणू लागले. १९४८ साली अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' नावाची स्पर्धा झाली. ती चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांच्या कॉर्निश संकराने जिंकली. आजच्या ब्रॉयलरचा नर वंश याच कॉर्निशकडे जातो. म्हणजे बाजारात आपण जिला 'बॉयलर' म्हणून नाक मुरडतो, तिच्या अंगात आपल्याच असीलचं रक्त आहे.

गावठीचं तरी काय? कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लाइथने पाठवलेली माहिती हाताशी धरून डार्विनने १८६८ च्या ग्रंथात मत मांडलं, की सगळ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या. ते बहुतांशी खरं निघालं, पूर्ण नाही. २००८ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की कोंबडीच्या पायांना आणि कातडीला पिवळा रंग देणारा जनुक तांबड्या रानकोंबड्याचा नाही. तो राखी रानकोंबड्याकडून आला असावा. हा राखी पक्षी फक्त भारतात, मुख्यतः द्वीपकल्पात सापडतो. आपल्या सह्याद्रीत पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते. आपण जिला शुद्ध गावठी म्हणतो, तिचे पिवळे पाय हीच तिच्या मिसळीची खूण.

हे सगळं मी खालाला सांगितलं. ती म्हणाली, "मिसळ तर असणारच. पण कशात काय मिसळायचं, ते कळलं पाहिजे." तिचा अनुभव असा. काही वर्षांपूर्वी कुणीतरी तिला वनराजाची पिल्लं दिली. हैदराबादच्या सरकारी संशोधन संस्थेने परसबागेसाठी तयार केलेली ही जात. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, ही त्याच्या दुप्पट देते. खालाने गावठी कोंबड्यांना वनराजाचा कोंबडा दाखवला. पिल्लं अंगाने भरली, अंडी वाढली. मात्र पुढच्या तलंगा मोठ्या झाल्यावर एकही धड खुडूक होईना. जास्त अंडी देणाऱ्या जातींमधून खुडूक होण्याची सवय निवडीनेच काढून टाकलेली असते. हॅचरीला ती नको असते. खालाकडे उबवणी यंत्र नाही, तिला ती हवीच असते. मग तिने त्या तलंगांना पुन्हा गावठी कोंबडा दिला. तिसऱ्या पिढीत दोन कोंबड्या अंड्यांवर नीट बसल्या.

नर-मादी ओळखणं हा तिचा दुसरा विषय. टोकदार अंड्यातून नर, गोल अंड्यातून मादी, हे दादीचं गणित. अंड्याच्या आकारावरून नर-मादी ठरवायचा मोह अ‍ॅरिस्टॉटललाही आवरला नव्हता. दोघंही चुकले. १९२० च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार पाहून नर-मादी ओळखण्याची पद्धत बसवली. तिच्या जोरावर जपानी कारागीर पुढे देशोदेशीच्या हॅचऱ्यांत कामाला गेले. ते कसब वर्षानुवर्षांच्या सरावाचं, आपल्या हातात पिल्लू दुखावण्याचीच भीती.

अंगणासाठी दुसरी युक्ती आहे, ती केंब्रिजच्या पनेटसारख्या शास्त्रज्ञांनी उलगडली. पट्टेरी पिसांची कोंबडी आणि बिनपट्ट्याचा काळा कोंबडा अशी जोडी लावायची. पिल्लं निघाली, की ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका तो नर, ठिपका नाही ती मादी. कारण पट्ट्यांचा जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो, आणि आई तो फक्त मुलग्यांना देते. जोडी उलटी लावली तर युक्ती चालत नाही. खालाने एका पट्टेरी कोंबडीवर करून पाहिलं. अकरा पिल्लांपैकी दहांचा अंदाज बरोबर निघाला. बाकी गावठी पिल्लांत तुरा लाल होईपर्यंत दीड-दोन महिने थांबावंच लागतं.

इथे तिला एक गोष्ट फार आवडली. कोंबड्यांत पिल्लू नर की मादी, हे आईकडून ठरतं. माणसांत बापाकडून. "आणि बोलणी कुणी खाल्ली?" एवढंच ती म्हणाली. तिला चार मुली आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या चिरनेरमध्ये बर्ड फ्लू निघाला. १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं हे गाव. आसपासच्या परिघातल्या परसातल्या कोंबड्या माराव्या लागल्या. रोग थांबवायचा तर दुसरा इलाज नसतो, हे मान्य. खालाचं गाव त्या परिघाबाहेर होतं. तरी कित्येक रात्री तिला झोप नव्हती. मला नवापूर आठवलं. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये तिथेच जाहीर झाला आणि लाखो पक्षी मारले गेले. त्याच नंदुरबार-धुळे पट्ट्यात आणि लगतच्या गुजरातेत बुसरा ही नोंदणीकृत देशी जात आहे. एका खुराड्यात जपलेली शुद्धता एका दिवसात संपू शकते.

आमच्याकडे खुराडी आधीच कमी झालीत. १९७० नंतर सिडकोसाठी जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पुढे आला. भूखंडावर इमारत उभी राहते, अंगण परत येत नाही.

म्हणून खाला कोंबड्या अर्धलीने देते. तलंग तिची, सांभाळ दुसऱ्याचा, पिल्लं निम्मी-निम्मी. आगरी घरात, कोळीवाड्यात, आमच्या मोहल्ल्यात, कातकरी वाडीवर तिच्या कोंबड्यांच्या लेकी-नाती आहेत. दर दोन वर्षांनी ती कोंबडा बदलते, म्हणजे बाप-लेकीच्या जोड्या कमी लागतात. वंश टिकवायची तिची रीत हीच.

त्या दिवशी कोंबडेवाल्याला मी 'अस्ल'चा अर्थ सांगू लागलो, तर खालाने मला थांबवलं. कोंबड्याची चोच पाहिली, डोळे पाहिले, छाती चाचपली. मग म्हणाली, "कोंबडा चांगला आहे. कोंबड्याचे पैसे घे. खानदानाचे मी देणार नाही."

थोडी घासाघीस झाली. कोंबडा राहिला. महिनाभर तो वेगळ्या डालग्यात होता, रोग नाही याची खात्री होईपर्यंत. आता पट्टेरी कोंबडीबरोबर फिरतो. पहिली पिल्लं कातकरी वाडीवर जायची ठरली आहेत.