हातसडीचा तांदूळ

परवा वाण्याच्या दुकानात दोन पोत्यांपुढे उभा होतो. एकात मोत्यासारखा पांढरा तांदूळ, दुसऱ्यात तांबूस, हातसडीचा. दुकानदार म्हणाला, "चाचा, चांगला सोडून हा कशाला घेता?"

कोकणात नानीच्या घरी भात उखळात सडत. गावात गिरण आली आणि बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला, हे आधी मान्य करायला हवे. पण पाहुण्यांपुढे लाल भात वाढायची लाजही तेव्हापासूनच वाटू लागली.

या पांढरेपणाची किंमत जगाला कळली ती जावा बेटावर, तीही कोंबड्यांमुळे. तिथे बेरीबेरीने माणसांचे पाय लुळे पडत, सुजत, हृदय थांबे. डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तिचे जंतू शोधत होते. 1889 साली त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच लुळ्या पडल्या. काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला आणि लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला. त्या आचाऱ्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही!

आइकमान यांना वाटले, तांदळात विष असावे आणि कोंडा त्यावर उतारा. 1901 मध्ये त्यांचे सहकारी खेरिट ख्रेन्स यांनी उलटे सांगितले. विष नाहीच, कोंड्याबरोबर गरजेचे काही निघून जाते. तेच पुढे ब-1 जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले. आइकमान यांना 1929 साली नोबेल मिळाले.

आपल्याकडे 1934 च्या डिसेंबरात गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ आणि गूळ हा त्यांचा आग्रह. त्यात आरोग्य होते, तशी गावातल्या हातांची मजुरीही होती. लोकांनी ऐकले, मान डोलावली आणि गिरणीची वाट धरली.

मी दोनच किलो घेतला. कोंड्यात तेल असते, जास्त दिवस ठेवला तर खवट होतो. तो आधी भिजवावा लागतो, शिजायलाही वेळ घेतो. मुलाने पहिल्याच घासाला नाक मुरडले. सध्या आमच्याकडे भाताची दोन पातेली चढतात, माझे छोटे.