स्वभाव आधी, की सुरुवात?

बुद्धिबळ शिकवणाऱ्या पुस्तकांत एक सल्ला हमखास आढळतो: आपला स्वभाव ओळखा आणि त्याला साजेशी सुरुवात निवडा. आक्रमक असाल तर सिसिलियन बचाव किंवा राजाचा गँबिट; संयमी असाल तर वजिराचा गँबिट किंवा कारो-कान. साहित्याच्या वर्गातही याच धाटणीचा उपदेश चालतो. ‘तुझा पिंड कवितेचा नाही’ असे एखाद्या विद्यार्थ्याला सांगून आपण त्याची वाट परस्पर ठरवून टाकतो. पिंड आधीच घडलेला असतो आणि प्रकार त्याला जुळेल असा निवडायचा असतो, हे या दोन्ही उपदेशांमागचे गृहीतक. बुद्धिबळाच्या इतिहासात ते कितपत टिकते, हे आम्हांस येथे पाहायचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाशी बुद्धिबळ खेळत असे. युरोपीय नियम महेशचंद्रांना नंतर अवगत झाले. हात वळला होता तो देशी खेळावर. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरके. पट संथपणे उलगडे, आणि मध्यभाग लगेच बळकावण्यापेक्षा मोहऱ्यांची नीट मांडणी करून वाट पाहण्याला महत्त्व येई. 1855 मधील एका डावात काळी मोहरी घेऊन त्यांनी आधी घोडा बाहेर काढला, घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवून उंटाला कोपऱ्याकडची वाट मोकळी केली आणि तिसऱ्याच चालीत वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून पांढऱ्याच्या मध्यभागाला आव्हान दिले. हीच मांडणी 1922 मध्ये अर्न्स्ट ग्र्युनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूने खेळात आणली आणि त्याच्या नावाने ती रूढ झाली.

महेशचंद्रांची शैली त्यांच्या जन्मजात स्वभावातून आली, असे म्हणता येईल काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्या नियमांत ते वाढले, त्या नियमांनी त्यांचा हात घडवला. 1920 च्या दशकात निम्झोविच, रेटी आदी युरोपीय खेळाडूंनी मध्यभाग प्याद्यांनी व्यापण्याऐवजी दुरून मोहऱ्यांनी धाकात ठेवण्याचा विचार मांडला. या कुळातील बचावांना ‘भारतीय’ हे नाव चिकटले. एका ठिकाणी जी सवय होती, ती दुसऱ्या ठिकाणी विचारपूर्वक पत्करलेली भूमिका ठरली. चाली मिळत्याजुळत्या, त्यांच्यामागचे ‘स्वभाव’ मात्र अगदी वेगळे.

दुसरे उदाहरण 1927 चे, ब्युनोस आयर्सचे. आलेखिन हा झंझावाती हल्ल्यांसाठी ख्यातनाम. जगज्जेता कापाब्लांका स्वच्छ, बिनचूक आणि सहज खेळाचा. या सामन्यापूर्वी आलेखिनने त्याला एकदाही हरवले नव्हते. स्वभावाला साजेशी सुरुवात निवडायची, तर आलेखिनने पट पेटवायला हवा होता. प्रत्यक्षात 34 पैकी 32 डाव वजिराच्या नाकारलेल्या गँबिटच्या शांत, रुळलेल्या वाटेने गेले. आलेखिनने प्रतिस्पर्ध्याच्याच अंगणात चिकाटीने खेळून 6 डाव जिंकले, 3 गमावले आणि 25 बरोबरीत सोडवले. शेवटचा डाव तर हत्तींच्या अंतिम पर्वात 82 चालींपर्यंत रेंगाळला. या सामन्यात जग जिंकणारा आलेखिन तयारीने घडलेला होता. त्याच्या कीर्तीत तो आधी दिसत नव्हता.

1972 मध्ये रेक्याविकला फिशरने हेच केले. जवळजवळ सारी कारकीर्द राजासमोरच्या प्याद्याने डाव उघडणाऱ्या या खेळाडूने सहाव्या डावात वजिराच्या बाजूचे प्यादे हलवले आणि डाव वजिराच्या गँबिटकडे वळवला. तो डाव त्याने इतका सुरेख जिंकला की प्रेक्षकांबरोबर पराभूत स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या.

निवडीची आणखी एक तऱ्हा आहे: स्वतःचा नव्हे, तर समोरच्याचा स्वभाव पाहून केलेली निवड. 2000 साली लंडनमध्ये क्रामनिकने कास्पारोव्हविरुद्ध जुना, अडगळीत पडलेला बर्लिन बचाव काढला. त्यात आठव्या चालीपर्यंत वजिरांची अदलाबदल होते आणि काळ्याला किल्लेकोट करण्याचा हक्क गमवावा लागतो. पण वजीरच गेल्यावर कास्पारोव्हच्या हल्ल्याची धार बोथट झाली. संपूर्ण सामन्यात त्याला एकही डाव जिंकता आला नाही. क्रामनिकने 8½–6½ असा विजय मिळवला.

नवशिक्याला स्वतःची आवड पाहून सुरुवात निवडण्याचा सल्ला द्यायला हरकत नाही; आवड असल्यावाचून कोणी अभ्यास करीत नाही. पण आवडीला पिंड समजण्याची घाई घातक. वर्गातील ज्या विद्यार्थ्याला आपण ‘तुझा पिंड कवितेचा नाही’ असे सांगतो, त्याने वर्षभर कविताच लिहिल्या तर त्याचा पिंड कोणता ठरेल, हे आपल्याला ठाऊक नसते. महेशचंद्रांना एक घर चालणाऱ्या प्याद्यांनी घडवले, आलेखिनला कापाब्लांकाने. आपल्या विद्यार्थ्याला कोणती प्यादी आणि कोणता प्रतिस्पर्धी मिळावा, याचा विचार शिक्षकांनी करावा. निकाल मात्र आधीच देऊ नये.