स्वादुपिंडातील चरबी : शवविच्छेदनापासून एमआरआयपर्यंत
जठरामागे दडलेल्या स्वादुपिंडातील चरबीची मोजदाद प्रथम शवविच्छेदनातूनच झाली. 1933 साली रॉबर्ट ऑगिल्व्ही यांनी स्थूल व्यक्तींत तिचे प्रमाण सरासरी 17 टक्के, तर सडपातळ व्यक्तींत 9 टक्के असल्याचे नोंदवले. पुढे आलेल्या सोनोग्राफीत चरबीयुक्त स्वादुपिंड अधिक पांढरे दिसे, परंतु आतड्यांतील वायू ध्वनिलहरींच्या आड येई आणि निष्कर्ष तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राही. 1971 साली लंडनमध्ये रुग्णावर प्रथम वापरल्या गेलेल्या सीटी स्कॅनमुळे ऊतींची घनता हाउन्सफील्ड एककात मोजता येऊ लागली. या मापनात पाण्याचे मूल्य 0 आणि चरबीचे साधारण उणे 100 असल्याने, स्वादुपिंडाची घनता प्लीहेपेक्षा किती कमी भरते यावरून चरबीचा अंदाज बांधला जाऊ लागला. 1984 साली डिक्सन यांनी एमआरआयमध्ये पाणी व चरबी यांतील हायड्रोजनचे संकेत वेगळे करण्याची पद्धत मांडली, आणि क्ष-किरणांशिवाय चरबीची टक्केवारी काढण्याचा मार्ग खुला झाला. याच तत्त्वावर न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या गटाने 2011 साली दाखवले, की आठ आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार घेतलेल्या टाइप 2 मधुमेहींमध्ये ही चरबी 8 टक्क्यांवरून 6.2 टक्क्यांवर उतरली. मोजमाप अचूक झाले असले, तरी निदानासाठी सर्वमान्य मर्यादा मात्र अद्याप ठरलेली नाही.