सपाट पायांचे स्टँड परतले

पायाने वाजवायचं चांगलं पेडल येईपर्यंत बास ड्रम आणि स्नेअर सांभाळायला दोन माणसं लागत, नाहीतर एकाच वादकाला दोन्हींवर काठ्या चालवाव्या लागत. शिकागोत थिएटरमध्ये ड्रम वाजवणाऱ्या विल्यम लुडविगची अडचण वेगळी होती. रॅगटाइमच्या लयीला तेव्हाची पेडल्स पुरी पडत नव्हती. त्याने स्वतःच पेडल घडवलं आणि 1909 मध्ये भाऊ थिओबाल्डसह कंपनी काढली.

पुढे 1920च्या दशकात घोट्याजवळ वाजणारी झांजांची जोडी लांब नळीवर चढून हाताशी आली. हाच हाय-हॅट. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचा वॉलबर्ग अँड ऑज हा कारखाना असले स्टँड बनवून मोठमोठ्या कंपन्यांना पुरवत असे.

त्या काळच्या स्टँडचे पाय जवळजवळ जमिनीला टेकलेले असत. प्रत्येक पायाला एकच पट्टी, नळ्या बारीक. कार्यक्रम संपला की मिटवायचे आणि निघायचं. 1960च्या दशकापर्यंत जगभरच्या ड्रमरांचं यावरच भागलं.

मग अँप्लिफायर मोठे झाले. ड्रमर जोरात हाणू लागले, सिंबल जाड झाले, स्टँड डगमगू लागले. 1970च्या दशकात टामा, पर्ल, यामाहा या जपानी कंपन्यांनी उभ्या तिवईच्या पायांना दुहेरी पट्ट्या दिल्या, नळ्या जाड केल्या. मोठ्या मंचावर ते हवंच होतं. पण हे स्टँड क्लबात वाजवणाऱ्यांच्याही गळ्यात पडले. सामान उचलायला माणसं नसलेल्या ड्रमरला जिन्यावरून ड्रमपेक्षा स्टँडची बॅग नेणं जड जाऊ लागलं. हे ओझं त्याच्यावर विनाकारण लादलं गेलं.

म्हणून सपाट पाय परतले. टामाची ‘द क्लासिक’ मालिका आणि लुडविगचे ‘अ‍ॅटलस क्लासिक’ त्याच वळणाचे आहेत. यामाहाने ‘क्रॉसटाउन’साठी अॅल्युमिनियम घेतलं, त्याची घनता पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा.

हलकं म्हणजे तकलादू नव्हे. नळी जिथे नळीत सरकते तिथलं नायलॉनचं अस्तर पाहा: ते झिजलं की पंखाचा स्क्रू कितीही आवळा, नळी घसरते. आटे गुळगुळीत झाले, तर जाड नळीचा उपयोग शून्य. आडवा दांडा नेहमी एका पायाच्या रेषेत ठेवा, म्हणजे वजन त्या पायावर येतं आणि स्टँड कलंडत नाही.

लग्नाच्या हॉलमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने दुहेरी पट्ट्यांच्या मोहात पडू नये. एक मजबूत पेडल आणि हलके, सपाट पायांचे स्टँड त्याला पुरेसे आहेत.