चावलेल्या कुत्र्याचा केस

रात्री दारू जास्त झाली आणि सकाळी डोके ठणकू लागले, की उतारा म्हणून घोटभर तीच पुन्हा घ्यायची. या घोटाला इंग्रजीत 'हेअर ऑफ द डॉग', म्हणजे 'चावलेल्या कुत्र्याचा केस' म्हणतात. जॉन हेवूडच्या १५४६ च्या म्हणींच्या पुस्तकात तो याच अर्थाने आहे. त्या घोटाने बरे वाटते ते मेंदू पुन्हा बधिर होतो म्हणून; यकृताचे काम मात्र वाढते.

मूळ अर्थ खऱ्याखुऱ्या कुत्र्याचा. चावणाऱ्या कुत्र्याच्याच शेपटीचे केस जाळून जखमेत भरावेत, असा उपाय पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने नोंदवला आहे.

आपण म्हणाल, डॉक्टर, ही तर तुमचीच होमिओपॅथी! नाही. हॅनेमान यांनी १७९६ मध्ये मांडलेले 'समाने सम' हे तत्त्व निरोगी माणसाला औषध देऊन टिपलेल्या लक्षणांवर उभे आहे. कुत्र्याच्या केसाची अशी परीक्षा प्लिनीच्या काळी कोणी केली होती? आपल्या 'काट्याने काटा काढणे' यातही दुसरा काटा औषध नसतो, हत्यार असतो.

६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलावर लशीचे उपचार सुरू केले. रेबीज झालेल्या सशांचा मज्जारज्जू वाळवून ती लस केली होती. मुलगा वाचला.

केस भरणारे आता उरले नाहीत, पण चाव्यावर मिरचीपूड नाहीतर चुना भरून माझ्याकडे अजूनही माणसे येतात. त्यांना मी साबुदाण्याएवढ्या गोळ्या देत नाही. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायला लावतो आणि लशीसाठी लगेच सरकारी दवाखान्यात पाठवतो.